वंशावळी व वंशशोधन : सातारा-सांगली प्रदेश

एखाद्या कुळातील मूळ पुरुषापासून चालू पिढीपर्यंतच्या व्यक्तींची परस्परनात्यांसह केलेली मांडणी म्हणजे वंशावळ होय. वंशवृक्ष, पेढीनामा अशीही नावे तिला आहेत; जुन्या कागदांत कुरसीनामा हा फार्सी वळणाचा शब्दही आढळतो. कृष्णा, वारणा आणि येरळा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या सातारा व सांगली जिल्ह्यांत वंशावळी विपुल आहेत. याचे कारण येथील लोकांना पूर्वजांचे प्रेम इतरांहून अधिक होते, असे नाही. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, बलुते, इनाम जमीन यांपैकी काहीतरी वंशपरंपरेने चालत असे आणि ते मागण्यासाठी नाते सिद्ध करावे लागे. म्हणून येथील बहुतेक वंशावळी हक्काच्या मागणीसाठी सांगितल्या व लिहिल्या गेल्या. त्या वाचताना प्रथम विचारावयाचा प्रश्न हा, की ही वंशावळ कोणी, कोणापुढे आणि काय मिळविण्यासाठी सांगितली. ज्यांना असा हक्क नव्हता त्यांची नावे कागदावर क्वचित आली, आणि आली ती बहुधा दुसऱ्याच कोणाच्या कामासाठी.

या प्रदेशातील सर्वांत जुनी व सर्वांत भरीव वंशविषयक सामग्री वतनाच्या तंट्यांत सापडते. गावच्या पाटीलकीवर दोन भाऊबंदांनी किंवा दोन कुळांनी दावा सांगितला, म्हणजे गोतसभा भरे. तीत देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार असे सर्व बसत. दोन्ही बाजू आपापली हकीकत लिहून देत. तिला करीना म्हणत. करीन्यात मूळ पुरुष कोठून आला, त्याने गाव कसा वसविला, त्याला मुलगे किती, वडीलपण कोणत्या शाखेकडे गेले, मध्ये कोण परागंदा झाला, कोण निपुत्रिक वारला, हे सर्व पिढीवार येई. निकालाचा कागद महजर किंवा निवाडपत्र या नावाने दिला जाई व त्यावर उपस्थितांच्या निशाण्या होत. पाटलाची निशाणी नांगराची, सुताराची किंकऱ्याची, महाराची दोरीची अशी पद्धत होती. अक्षरशत्रू माणसाचे कागदावरील अस्तित्व अनेकदा एवढ्या एका चिन्हापुरते उरले आहे. पुरावा अपुरा पडल्यास दिव्य करण्याचीही चाल होती. उकळत्या तेलातून धातूचा रवा काढून देणाऱ्याचा हात शाबूत राहिला, तर त्याची वंशावळ खरी ठरे. मसूरच्या जगदाळे घराण्याचे वतनी तंट्याचे कागद या दृष्टीने प्रसिद्ध आहेत. आदिलशाही अंमलापासून ते चालत आले आहेत.

करीना हा मोलाचा पुरावा असला, तरी तो फिर्यादीचा जबाब आहे, याचा विसर पडू देता कामा नये. त्यातील अलीकडच्या तीन-चार पिढ्या सहसा विश्वसनीय असतात. कारण त्या ठाऊक असलेली माणसे सभेत समोरच बसलेली असत. त्यापलीकडची नावे मात्र तंट्याच्या सोयीप्रमाणे आखूड किंवा लांब होतात. पुष्कळ करीने दुर्गादेवीच्या दुष्काळाशी जाऊन थांबतात. हा दुष्काळ परंपरेने इ. स. १३९६ च्या सुमारास सुरू होऊन बारा वर्षे टिकल्याचे सांगतात. त्यात ओस पडलेली गावे पुढे नव्याने वसविणाऱ्यांकडे वतने गेली, अशी समजूत आहे. आपला मूळ पुरुष त्या वेळचा, असे सांगण्यात अर्थातच दावेदाराचा लाभ होता.

नावे व आडनावे : वंशशोधन करणाऱ्यास पहिली अडचण येते ती आडनावांची. जुन्या कागदांत सामान्य कुणब्याची नोंद ‘अमुक बिन अमुक’ एवढीच असते. ‘बिन’ म्हणजे मुलगा. मुसलमान नावांत त्याऐवजी ‘वलद’ येतो. आजोबाचे नाव नातवास ठेवण्याची चाल असल्याने राणोजी बिन संताजी आणि संताजी बिन राणोजी ही जोडी शंभर-दीडशे वर्षे आलटून पालटून दिसते व दोन पिढ्यांची गाठ एकाच ठिकाणी पडल्याचा भास होतो. शिवाय आडनाव हे कुळाचे स्थिर चिन्ह आहे, हा समजच अलीकडचा आहे. जतचे डफळे हे मूळचे चव्हाण. डफळापूरच्या पाटीलकीवरून त्यांना डफळे हे नाव पडले. फलटणचे निंबाळकर स्वतःस पवार कुळाचे म्हणवितात; निंबळक गावावरून ते निंबाळकर झाले. औंधच्या प्रतिनिधी घराण्याचा संस्थापक परशुराम त्रिंबक हा किन्हई गावचा कुलकर्णी. पदावरून त्या घराण्यास पंतप्रतिनिधी हे नाव मिळाले आणि पुढे ‘पंत’ हेच आडनाव होऊन बसले. इचलकरंजीच्या ब्राह्मण जहागीरदार घराण्याचे उदाहरण याहूनही बोलके आहे. त्याचा मूळ पुरुष नारो महादेव हा जोशी कुळातील. संताजी घोरपडे याच्या आश्रयाने उदयास आल्यामुळे त्याने कृतज्ञतेपोटी धन्याचे घोरपडे हे आडनाव धारण केले. अशी उदाहरणे डोळ्यांपुढे ठेवली, म्हणजे केवळ समान आडनावावरून भाऊबंदकी जुळविण्याचा मोह आवरतो. पाटील, कुलकर्णी, देशमुख, चौगुले यांसारख्या हुद्देवाचक आडनावांना तर वंशाच्या पुराव्यात जवळजवळ काहीच किंमत नाही. तेथे कुलदैवत, देवक, गोत्र आणि भावकीच्या शेताची जागा यांचाच आधार अधिक पक्का ठरतो.

कालगणनेचाही असाच घोळ होतो. एकाच घरातील कागदांत शालिवाहन शक, फसली सन, राज्याभिषेक शक आणि सुहूर किंवा अरबी सन असे चार प्रकार येऊ शकतात. सुहूर सन अरबी अंकशब्दांत लिहीत. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर व हजार मिळून ११७१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले असता इ. स. १७७०–७१ हे वर्ष येते. हे वर्ष मृग नक्षत्राच्या आरंभी, म्हणजे मे अखेरीच्या सुमारास बदले. तिथीऐवजी ‘छ’ हे अक्षर घालून मुसलमानी महिन्याचा चंद्र दिलेला असतो. हे सर्व मोडी लिपीत. लेखक आधी ओळभर आडवी रेघ ओढून तिच्याखाली अखंड अक्षरे काढीत जाई; शब्द सुटे नसत आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसे. त्यामुळे घाईने वाचणाऱ्यास एका नावाच्या जागी दुसरे सहज दिसते, आणि असे एक चुकीचे वाचलेले नाव पुढे छापील कुलवृत्तांतात कायमचे शिरते.

गाव कोणत्या राज्यात होता : दप्तर शोधण्यापूर्वी हे ठरवावे लागते. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्याआधी या भूभागात शेजारशेजारची गावे वेगवेगळ्या सत्तांखाली होती. पेशवाईच्या अस्तानंतर इंग्रजांनी १८१८ मध्ये छत्रपती प्रतापसिंह यांस साताऱ्याचे राज्य दिले. ते १८४८ मध्ये खालसा झाले. पटवर्धन घराण्याच्या सांगली, थोरली मिरज, धाकटी मिरज या शाखा स्वतंत्र संस्थाने म्हणून नांदल्या. तासगावची शाखा मात्र वारसाच्या अभावी १८४८ मध्ये खालसा करण्यात आली. आटपाडी महाल औंध संस्थानात, तर जत डफळ्यांकडे. ही संस्थाने १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाली. यामुळे असे घडते, की खानापूर तालुक्यातील एका माणसाचे कागद इंग्रजी जिल्ह्याच्या शिस्तीत पिढ्यान्‌पिढ्या लागलेले मिळतात, आणि चार कोसांवरील आटपाडीच्या त्याच्या सोयऱ्याचे कागद अगदी निराळ्या नमुन्यांत व निराळ्या दप्तरात असतात. गावाचे नाव तेच राहिले. कागद ठेवणारा धनी बदलत गेला.

पुण्याच्या पेशवे दप्तरात या प्रदेशाचे असंख्य रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी त्या दप्तरातून निवडलेले ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केले. परंतु त्यांचा रोख राजकीय इतिहासाकडे होता. सामान्य घराण्याचा शोध घेणाऱ्यास त्या खंडांपेक्षा न छापलेल्या रुमालांचा, विशेषतः जमाव या विभागाचा व सातारा महाराजांच्या दप्तराचा, उपयोग जास्त. मिरजेस शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे ऐतिहासिक लेखसंग्रहातून छापली. त्यांनीच प्रकाशात आणलेल्या पटवर्धन घराण्याच्या हकीकतीस हरिवंशाची बखर असे नाव आहे. त्यातील ‘हरि’ म्हणजे कोकणातून घाटावर आलेले व इचलकरंजीकरांचे कुलोपाध्याय असलेले हरभट पटवर्धन. सरदार घराण्याची बखर एका भिक्षुकाच्या नावाने ओळखली जावी, ही गोष्ट त्या घराण्याच्या प्रांजळपणाची निदर्शक म्हणावी लागेल.

इनाम कमिशन : वंशावळींच्या इतिहासात १८५२ चा अकरावा कायदा हा मोठा टप्पा आहे. त्यान्वये स्थापन झालेल्या इनाम कमिशनने दक्षिण महाराष्ट्रातील इनामे कोणत्या आधारावर चालतात, याची कसून चौकशी केली. प्रत्येक इनामदारास कैफियत द्यावी लागली. सनद कोणी दिली, कोणास दिली, त्याच्यापासून आपण कितव्या पिढीचे, मध्ये कोणी दत्तक आहे काय, हे पुराव्यानिशी दाखवावे लागले. ज्यांचे कागद गहाळ होते त्यांची इनामे गेली अथवा त्यांवर आकार बसला. या चौकशीने दक्षिण महाराष्ट्रात तीव्र असंतोष पसरविला, हे सुविदित आहे. तथापि ज्या घराण्यांत तोपर्यंत वंशावळ तोंडीच चालत होती त्यांनीही याच वेळी ती प्रथम लिहून काढली. आज घराघरांत ‘जुनी वंशावळ’ म्हणून जपलेला कागद पुष्कळदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सरकारी प्रश्नांना उत्तर म्हणून तयार झालेला असतो. त्यातील मूळ पुरुष तीनशे वर्षांपूर्वीचा असला, तरी कागद त्या काळचा नव्हे. पुढे १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने वतनदारांची व त्यांच्या तक्षिमांची नोंदपुस्तके सिद्ध झाली. त्यांत महार, रामोशी इ. कनिष्ठ समजल्या गेलेल्या गावकामगारांच्या वतनांमुळे त्यांच्याही पिढ्या आल्या. अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या वंशपरंपरेची जी थोडी लिखित साधने उपलब्ध आहेत त्यांत ही पुस्तके महत्त्वाची होत. ज्या वतनाने त्यांना गावकीच्या वेठीस बांधले त्यानेच त्यांच्या आजे-पणजांची नावे राखली. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या, कनिष्ठ गाववतने १९५८ च्या आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने रद्द झाली.

जमीन महसुलाचे कागद : ज्या कुटुंबांकडे वतन वा इनाम नव्हते, पण जमीन होती, त्यांचा माग रयतवारी पद्धतीच्या कागदांवरून लागतो. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५–३६ मध्ये इंदापूर तालुक्यात सुरू केलेली मोजणीची पद्धत साताऱ्यात राज्य खालसा झाल्यानंतर आली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, प्रत्येक नंबराला खातेदार. प्रतिबुक, शेतवार पत्रक, वसुलीबाकीचे पत्रक यांतून खातेदाराचे नाव मिळते. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाल्यावर खातेदार मयत झाला, की वारसाची नोंद फेरफार नोंदवहीत होऊ लागली. वंशशोधकाच्या दृष्टीने फेरफार हा सातबाराच्या उताऱ्याहून कितीतरी अधिक उपयुक्त आहे. सातबारा आज कोण आहे ते सांगतो. फेरफार तो कोणाच्या मागून आला, केव्हा आला आणि त्याच्याबरोबर आणखी कोण कोण होते, ते सांगतो. एका फेरफाराचा क्रमांक धरून मागच्या फेरफाराकडे, तेथून त्याच्याही मागे, अशी पायरीपायरीने वाट काढता येते. वाटेत काही संक्षेप भेटतात. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. अशा नोंदीत थोरल्या भावाचेच नाव असते आणि धाकटे भाऊ कागदावरून नाहीसे होतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. पुढे येणारे नाव बापाचे नसून चुलत्याचे किंवा आईचे असू शकते. १९४७ च्या कायद्यान्वये जेथे तुकड्यांचे एकत्रीकरण झाले तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. ही सांधेबदल ज्याला माहीत नाही त्याचा शोध नेमका तेथे तुटतो. एकत्रीकरणाच्या पत्रकात जुना व नवा क्रमांक शेजारीशेजारी दिलेले असतात.

या कागदांतील स्त्रियांचे स्थान वेगळे सांगितले पाहिजे. पारंपरिक वंशावळीत स्त्रिया नसतातच. मुलगी असेल तर तिच्या नावाची फांदी काढीत नाहीत, आणि पत्नीचा उल्लेख दोन बायकांची संतती वेगळी दाखवावयाची असेल तरच होतो. महसुली कागदांत ती ‘अमुक भ्रतार अमुक’ किंवा दक्षिणेकडील गावांत ‘कोम अमुक’ अशी विधवा म्हणून येते, कारण नवरा मेल्याखेरीज तिचे नाव खात्यावर लागण्याचा प्रसंग येत नसे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलींना वारस ठरविल्यानंतर वारसनोंदीत बहिणींची नावे येऊ लागली. परंतु त्याच नोंदीच्या मागोमाग, पुष्कळदा त्याच वर्षी, त्यांनी भावांच्या लाभात हक्क सोडून दिल्याचा फेरफारही असतो. कित्येक स्त्रियांचे नाव आपल्या माहेरच्या दप्तरात एवढ्या एकाच निमित्ताने उमटले आहे.

जन्ममृत्यूच्या नोंदी : यूरोपीय देशांत कुळाचा शोध चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्यांपासून सुरू होतो. आपल्याकडे अशा नोंदवह्या ख्रिस्ती मंडळ्यांपुरत्या आहेत. मिरजेसारख्या मिशनच्या केंद्रांत त्यांचा उपयोग होतो. इतरांसाठी गावचे जन्ममृत्यूचे पुस्तक, म्हणजे गाव नमुना १४, हे त्या जागी येते. त्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. कारण कोतवाल घरोघरची खबर आणी आणि ती चावडीत नोंदली जाई. मूल जन्मले तो दिवस, मुलगा की मुलगी, बापाचे नाव, जात; मृत्यू असेल तर वय व कारण. बाळाचे नाव बहुधा नसतेच, कारण नोंद बारशापूर्वी होई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची ही पुस्तके बहुतेक मोडीत आहेत. त्यांची पाने चाळताना प्लेगची १८९७ नंतरची वर्षे आणि १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ तारीख न पाहताही ओळखू येते. एरवी दोन-चार नोंदींचे पान त्या वेळी काठोकाठ भरलेले असते व एकाच घरची दोन-तीन नावे लागोपाठ येतात. पुष्कळ वंशावळींतील ‘निपुत्रिक’ या शेऱ्याचा खुलासा या पानांवर होतो.

हेळवी व तीर्थोपाध्याय : सरकारी दप्तराबाहेर वंशावळी राखणारे दोन वर्ग या प्रदेशात आहेत. हेळवी हे दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटक या भागांतील वंशपरंपरेने वंशावळ सांगणारे लोक. सांगली, कोल्हापूर, सोलापूर व बेळगाव या जिल्ह्यांत त्यांचा वावर आहे. ‘हेळव’ या कन्नड शब्दाचा अर्थ पांगळा. आपला मूळ पुरुष पांगळा असल्याने बैलावर बसून फिरे, अशी कथा ते सांगतात, आणि बैलावरून येण्याची त्यांची जुनी रीत तिच्याशी जोडली जाते. कोणत्या हेळव्याने कोणत्या गावच्या कोणत्या भावकीकडे जावयाचे, हे ठरलेले असते. काही वर्षांच्या अंतराने तो येतो, ओसरीवर बसून वही उघडतो आणि मूळ ठिकाण, कुलदैवत, मूळ पुरुष येथपासून घरातील लेकरापर्यंत सारी मालिका एका ठरावीक लयीत वाचतो. मागच्या फेरीनंतर झालेले जन्म विचारून लिहून घेतो. धान्य, वस्त्र, पैसा आणि ऐपतदार घरी एखादे जनावर अशी बिदागी त्याला मिळे. ज्याच्याजवळ सनद नाही, वतन नाही, अशा साध्या शेतकऱ्याच्या पंधरा-वीस पिढ्यांची नावे केवळ हेळव्याच्या वहीत असतात, हे या परंपरेचे खरे महत्त्व. तिच्या मर्यादाही उघड आहेत. वही जीर्ण झाली, की नवी उतरून काढतात व जुनी टाकून देतात. त्यामुळे हाती येणारी प्रत सहसा नवी असते. बिदागी देणाऱ्याला आपले कुळ थोर असल्याचे ऐकावयास आवडते, ही गोष्टही विसरून चालत नाही. आदल्या चार-पाच पिढ्यांपुरती हेळव्याची वही फेरफाराशी ताडून पाहावी. तेथे ती जुळली, तर पुढचे तिचे म्हणणे आदराने ऐकावे.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचे स्वरूप वेगळे. तेथे यात्रेकरू स्वतः आपल्या गावाचे, बापाचे, आजाचे, भावांचे व मुलांचे नाव सांगतो आणि जमल्यास खाली सही करतो. ही नोंद कोणापुढे हक्क सांगण्यासाठी केलेली नसते. तिच्यात खोटे सांगण्याचे कारणच नाही. शिवाय श्राद्धाच्या निमित्ताने आई, आजी, पणजी यांची नावे उच्चारावी लागतात, म्हणून ज्या स्त्रिया वतनाच्या कागदांत नाहीत त्या येथे भेटण्याचा संभव असतो. वह्या गाव व आडनाव यांच्या क्रमाने लावलेल्या असतात. त्या उपाध्यायांची खाजगी मालमत्ता असून भाऊवाटणीत त्याही वाटल्या जातात.

वंशावळीच्या एका रेघेवर केवढे काही अवलंबून असते, हे साताऱ्याच्या गादीइतके अन्यत्र कोठे दिसत नाही. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी भोसले कुळाचे नाते उदेपूरच्या सिसोदियांशी जोडण्यात आले. त्या जोडणीच्या प्रामाण्याविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. तंजावर येथे सरफोजी राजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. दगडावर कोरले म्हणून त्यातील प्रारंभीच्या पिढ्या कागदावरच्यांहून खऱ्या ठरत नाहीत. पुढे १८४८ मध्ये शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी दत्तक घेतला. हिंदू धर्मशास्त्रानुसार तो पुत्रच. त्याच्या नावाची रेघ वंशावळीत औरसाप्रमाणेच ओढली जाते. कंपनी सरकारने मात्र ती रेघ राज्यापुरती मान्य केली नाही आणि सातारा खालसा केले. रंगो बापूजी यांनी पदच्युत प्रतापसिंहांची बाजू घेऊन लंडनमध्ये चौदा वर्षे खटपट केली. ती निष्फळ ठरली.

दप्तरांचा नाश : १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला, तेव्हा शिवकालीन दप्तराचा मोठा भाग नाहीसा झाला, असे मानतात. अलीकडच्या काळात दोन घटनांनी या जिल्ह्यांतील कागदांची हानी केली. १९४२ च्या आंदोलनात व त्यापुढील प्रतिसरकारच्या काळात भूमिगत कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणच्या चावड्या व त्यांतील दप्तरे जाळली; परकीय सरकारचा वसूल ज्या कागदांवर चाले ते कागद हे त्यांचे लक्ष्य होते. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या हत्येनंतर झालेल्या जाळपोळीत अनेक गावांतील ब्राह्मणांची घरे जळाली. त्यांत कुलकर्ण्यांचीही घरे होती, आणि गावच्या जुन्या दप्तराचे रुमाल अनेकदा कुलकर्ण्याच्या माळ्यावरच असत. आग एका घराला लागली. जळाल्या त्या साऱ्या गावाच्या पिढ्या. आयर्लंडच्या इतिहासात याच्याशी तुलना करण्यासारखा प्रसंग आहे. तेथील यादवी युद्धात जून १९२२ मध्ये डब्लिनचे सार्वजनिक अभिलेखागार भस्मसात झाले. त्यात एकोणिसाव्या शतकातील जनगणनेचे कागद आणि प्रॉटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या गेल्या. तेव्हापासून आयरिश कुळांचे शोधक ग्रिफिथच्या १८४७ ते १८६४ मधील जमीनमूल्यांकनाच्या यादीकडे वळले. प्रत्येक जमीन कोणाच्या कब्जात व तिचा मालक कोण, हे तीत लिहिलेले आहे. कर आकारण्यासाठी केलेल्या यादीचा तेथे झालेला हा उपयोग आपल्या प्रतिबुकाची व वसुलीबाकीची आठवण करून देतो.

आजचे वंशशोधन : वतने गेली, तरी वंशावळीची गरज संपली नाही. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी अर्जदारास वडिलांकडील रक्तसंबंधी पूर्वजाचा पुरावा द्यावा लागतो व सोबत शपथेवर वंशावळ जोडावी लागते. हा पुरावा अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा असावा लागतो. २०२३ मध्ये मराठा समाजातील व्यक्तींच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली. त्यानंतर तहसील कचेऱ्या, भूमिअभिलेख कार्यालये व शाळा यांतील जुनी पुस्तके मोठ्या प्रमाणावर उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. एकाच पूर्वजाची जात जन्माच्या पुस्तकात एक आणि शाळेच्या दाखल्यात दुसरी, असे अनेक ठिकाणी आढळते. नोंद करणाऱ्या कारकुनास त्या दोन शब्दांतील भेद तितका महत्त्वाचा वाटत नसे. त्याच्या लेखणीच्या त्या सहजतेवर आज एका कुटुंबातील मुलांचे शिक्षण व नोकरी अवलंबून आहे. एक नोंद सापडली, की तिच्या आधारे सारी भावकी दाखला मागते, आणि मग नोंदीतील माणसाशी आपले नाते जोडणारी वंशावळ गोतसभेच्या काळाइतकीच कसोशीने तपासली जाते.

दूर गेलेल्या कुटुंबांचाही शोध चालू असतो. खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ या दुष्काळी तालुक्यांतील माणसे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त भारतभर पसरली आहेत; गलाई व्यावसायिक या नावाने ती ओळखली जातात. त्यांची तिसरी पिढी परप्रांतात जन्मली. वारसनोंदीसाठी गावी आल्यावर तिला आपले पणजोबा प्रथम फेरफारात भेटतात. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तर समुद्रापलीकडून मागे येऊ पाहतात. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांची दप्तरे आहेत. त्यांत बापाचे नाव, गाव व जात यांची नोंद असून पुढील काळातील काही मजुरांची छायाचित्रेही आहेत. पण इंग्रज व फ्रेंच कारकुनांनी ऐकून लिहिलेले गावाचे नाव आज नकाशावर ओळखणे पुष्कळदा कठीण जाते.

ज्यांना गावच नव्हता त्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. पालावर राहणाऱ्या भटक्या जमातींची नावे खातेपुस्तकात नाहीत, वतनाच्या पुस्तकात नाहीत, आणि जन्म एका शिवारात व मृत्यू दुसऱ्या शिवारात झाल्याने कोतवाल बुकातही सापडली तर योगायोगाने सापडतात. त्यांच्यापैकी अनेकांची सर्वांत जुनी लिखित नोंद गुन्हेगार जमातींच्या कायद्याखालील हजेरीच्या किंवा तुरुंगाच्या पुस्तकातील असते. तो कायदा १८७१ मध्ये झाला व १९५२ मध्ये रद्द झाला. पाळत ठेवण्यासाठी लिहिलेले ते नाव त्यांच्या नातवंडांना आता पडताळणी समितीपुढे पुरावा म्हणून ठेवावे लागते.